हौसेसाठी प्रोग्रॅमिंग: पहिली भाषा कशी निवडायची

ठाण्यात चरईतल्या आमच्या इमारतीत सोळा सदनिका आहेत. प्रत्येकाची महिन्याची वर्गणी २,५०० रुपये. महिन्याला ४०,००० जमायला हवेत हे सांगायला संगणक लागत नाही, पण मी तो लावला. स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये नुकतीच सी ही भाषा शिकत होते, निळ्या पडद्यावरच्या टर्बो सीमध्ये. सोसायटीची खजिनदार असल्यामुळे पहिला प्रोग्रॅम वर्गणीचाच लिहिला. तेराव्या सदनिकेपर्यंत बेरीज बरोबर आली, ३२,५००. चौदावी आली, ४०२ नंबरची, आणि एकूण जमा झाली उणे ३०,५३६. सोळाही सदनिका धरल्यावर उणे २५,५३६. पोटात गोळाच आला. दोन रात्री पावत्या उलटसुलट करून पाहिल्या, हिशोब चोख होता. टर्बो सी हे १९८७ साली आलेलं सॉफ्टवेअर. त्यातला साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो आणि ३२,७६७ च्या पुढे गेला की तो गडगडत थेट उणे बाजूला जाऊन पडतो. सरांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, सिलॅबसमध्ये एवढे मोठे आकडे येत नाहीत."

त्यानंतर वर्षभर मी भाषाच बदलत राहिले. भाचा म्हणाला, रस्ट शीक, भविष्य तिथेच आहे. ऑफिसातला एक मुलगा म्हणाला, जावाशिवाय पाया पक्का होत नाही. एका रविवारी दिवसभर व्हिडिओ बघून गो उतरवून घेतली. चार भाषांत 'नमस्कार जग' छापून झालं आणि सोसायटीचा हिशोब होता तिथेच, लाल कापडी बांधणीच्या वहीत.

आता तो हिशोब पायथनमध्ये चालतो. तुम्ही पायथनच घ्या असं मात्र मी म्हणणार नाही. नोकरीसाठी शिकणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, त्यांनी हा लेख बाजूला ठेवला तरी चालेल. संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर तासभर काहीतरी करून बघावं, अशी हौस असलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

हौशी माणसाचा वेळ सलग नसतो. दोन आठवडे नाद लागतो, मग मार्च एंडिंग येतं, मुलांच्या परीक्षा येतात, गणपती येतात, आणि लॅपटॉप महिनाभर उघडलाच जात नाही. रोज आठ तास कोड लिहिणारे लोक भाषांची जी तुलना करतात, त्यात या खंडाचा हिशोब नसतो. माझ्या मते हौशी माणसाने भाषा निवडताना सगळ्यात आधी तोच धरावा.

सुरुवातीला काय काय लागेल

- लॅपटॉप किंवा जुना डेस्कटॉप. पायथन आणि जावास्क्रिप्टला ४ जीबी रॅमचं जुनं यंत्रही पुरतं. अँड्रॉइडसाठी ॲप करायचं असेल तर अँड्रॉइड स्टुडिओ लागतो आणि त्याला ८ जीबी म्हणजे किमान. त्याहून कमी असेल तर तो उघडेपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होतो.
- मराठी टायपिंगची सोय. इनस्क्रिप्ट असो वा फोनेटिक, जे हाताला बसलंय ते.
- एक साधी वही. गंमत म्हणून सांगत नाही, तिसऱ्या पायरीत ती लागते.
- ईमेल खातं. याहून जास्त नोंदणी सुरुवातीला करायची गरज नाही.

पैसे लागत नाहीत. इथे ज्या भाषांची नावं घेते आहे त्या सगळ्या फुकट आहेत. क्लासला घातलेले पैसे मी परत मागितले नाहीत, पण तुमचे तरी वाचवा.

१. काम एका वाक्यात लिहा

"प्रोग्रॅमिंग शिकायचंय" हे काम नव्हे. "सोळा घरांची वर्गणी आणि थकबाकीवरचं व्याज काढून प्रत्येकाचं बिल छापायचं" हे काम. "ऐरोलीच्या खाडीवर दर रविवारी मोजलेले रोहित पक्षी महिन्यावार आलेखात बघायचे" हेही काम. "गच्चीवरची टाकी भरली की खाली दिवा लागला पाहिजे", "मुलीला पाढे विचारणारा खेळ हवा", काहीही चालेल. वाक्यात एक नाम आणि एक क्रियापद असं हवं, की काम झालं की नाही ते शेजारच्या माणसालाही सांगता यावं.

वाक्य लिहिल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा: हे एक्सेलमध्ये होतंय का? होत असेल तर तिथेच करा आणि हौसेसाठी दुसरं काम शोधा. माझं व्याजाचं गणित एक्सेलमध्ये होत होतं, अडचण बिलं छापण्याची होती. सोळा वेळा नाव, नंबर, रक्कम चिकटवायची आणि दर महिन्याला एकाची रक्कम दुसऱ्याच्या बिलावर जायची. तळमजल्यावरच्या काकांना एकदा ३०३ ची थकबाकी गेली, ते अजून आठवण करून देतात.

२. ते काम कुठे चालणार ते बघा

निम्मी निवड इथेच होऊन जाते. वस्तू कोणत्या जागी चालणार त्यावर भाषा ठरते, तुमच्या आवडीचा नंबर नंतर.

तुमच्याच लॅपटॉपवर, फाइली आणि आकडे घेऊन चालणार असेल तर पायथन. १९९१ पासूनची भाषा आहे, गिदो व्हान रॉसम या डच प्रोग्रॅमरने केलेली. कंस आणि अर्धविरामांचा पसारा कमी, रचना समासाने ठरते. चार जागा आत सरकवलेली ओळ वरच्या ओळीच्या पोटात. वहीत पोटहिशोब आत सरकवून लिहायची सवय असलेल्यांना हे लगेच जमतं. माझ्यासारख्या अकाउंट्समधल्या माणसाला तर माहेरीच आल्यासारखं वाटतं.

दुसऱ्यांच्या फोनवर दिसायला हवं असेल तर जावास्क्रिप्ट. पायथनची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून समोरच्याला काही उघडता येत नाही, त्याच्याकडे पायथन कुठे असतं? जावास्क्रिप्ट प्रत्येक ब्राउझरमध्ये आधीच बसलेली असते. पान गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर खातं काढून, तिथल्या 'पेजेस'मध्ये फुकट ठेवता येतं आणि दुवा पाठवला की झालं. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला होता, त्या घाईच्या खुणा अजून दिसतात. शिवाय तिच्यात महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी म्हणजे ०, डिसेंबर ११. माझ्या एका चाचणीत मार्चची थकबाकी एप्रिलमध्ये गेली ती यामुळेच. जावा ही वेगळीच भाषा. नाव त्या काळी जावाचा गाजावाजा होता म्हणून घेतलेलं.

काम गूगल शीट्समध्येच होत असेल तर एक्सटेन्शन्स मेनूखालची ॲप्स स्क्रिप्ट बघा. तीही जावास्क्रिप्टच. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि तक्ता आधीच सगळ्यांकडे असतो.

टाकी, दिवा, मोटर, सेन्सर असं हाताने जोडायचं असेल तर भाषेआधी बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी छोटी सर्किटची पट्टी, ठरवा. आर्डुइनो उनोच्या नेहमीच्या आर३ बोर्डात प्रोग्रॅमसाठी ३२ केबी आणि चालत्या कामासाठी अवघे २ केबी जागा असते. त्यात पायथन मावत नाही, सी++ च लिहावी लागते. घाबरू नका, आर्डुइनोपुरती सी++ म्हणजे दहा-बारा शब्द. पायथनच हवी असेल तर रास्पबेरी पाय पिको किंवा ईएसपी३२ घ्या, त्यांवर मायक्रोपायथन ही पायथनची आटोपशीर आवृत्ती चालते. पिकोमध्ये २६४ केबी रॅम आहे, म्हणजे उनोच्या शंभर पटींहून जास्त. सुटे भाग ऑनलाइन मिळतात, पण पहिल्यांदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला स्वतः जाऊन या. काउंटरवरचा माणूस दोन वाक्यांत सांगतो की साधा अल्ट्रासॉनिक सेन्सर टाकीतल्या वाफेने खराब होतो, आत पाणी न शिरणारा वेगळा मिळतो. आणि एक गोष्ट बजावून सांगते: पंपाच्या २३० व्होल्टच्या वायरला स्वतः हात लावायचा नाही. सेन्सर आणि दिव्यापर्यंत तुमची हौस, पंपाला इलेक्ट्रिशियन.

पक्ष्यांच्या नोंदी, पावसाचे आकडे, आलेख यांसाठी पायथन किंवा आर. आर ही संख्याशास्त्रासाठीच केलेली भाषा, तिच्यात आलेख सुरेख येतात. पण तुम्हाला आकड्यांपलीकडे काहीच करायचं नसेल तरच ती घ्या.

खेळ बनवायचा असेल तर गोडॉ हे खेळ बनवायचंच सॉफ्टवेअर. त्यातली जीडीस्क्रिप्ट दिसायला पायथनच्या जवळची. आणि मूल दहा वर्षांच्या आतलं असेल, तर एमआयटीचं स्क्रॅच. २००७ पासून आहे, ठोकळे जोडायचे, टायपिंग नाही. मोठ्यांनीही एक संध्याकाळ त्यात घालवायला लाज वाटून घेऊ नये.

रस्ट, गो, हॅस्केल? चांगल्या भाषा आहेत. पण त्यांनी सोडवलेले प्रश्न तुमच्यासमोर आलेलेच नसतात, त्यामुळे त्यांचा कडकपणा नुसता जाच वाटतो. रस्ट मी सहा दिवस केली. कंपायलर, म्हणजे आपला कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, मला माझ्या सासूबाईंसारखा वाटला: म्हणणं बरोबर असायचं, पण दर ओळीला. भाच्याला हे वाचून राग येईल.

३. खंडाची परीक्षा घ्या

आता तुमच्याकडे एक किंवा फार तर दोन नावं उरली असतील. दोन उरली तर ही परीक्षा घ्या. वेळ लागतो, पण वर्ष वाचतं.

दोन शनिवार-रविवार द्या, एकेका भाषेला एक. प्रत्येकीत एवढंच शिका: आकडा साठवणे, जर-तर, फेरा (तेच काम पुन्हापुन्हा करणारा लूप), आणि स्वतःचं एक फंक्शन, म्हणजे नाव देऊन हवं तेव्हा वापरता येणारा कोडचा तुकडा. मग दोन्हींत एकच छोटा प्रोग्रॅम लिहा. मी व्याजाचा लिहिला. गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळ व्याजाची मर्यादा होती. त्या दराने २,५०० रुपये ४० दिवस थकले तर ५७ रुपये ५३ पैसे. उत्तर हाताने काढून वहीत लिहून ठेवा, म्हणजे संगणक खरं बोलतोय का ते कळतं.

आता तीन आठवडे लॅपटॉपला हात लावू नका. खरंच लावू नका. लोणची घाला, मालिका बघा.

तीन आठवड्यांनी घड्याळ लावून बसा आणि दोन्ही प्रोग्रॅमांत एकच बदल करा: दर १८ टक्के, आणि पहिल्या दहा दिवसांना व्याज नाही. बदल करून बरोबर उत्तर येईपर्यंत किती मिनिटं गेली ते वहीत लिहा.

माझ्या वहीतले आकडे असे: पायथन बारा मिनिटं, जावास्क्रिप्ट वीस, आणि हट्टाने ठेवलेली सी++ एक तास पाच मिनिटं. त्या पासष्ट मिनिटांतली चाळीस तर प्रोग्रॅम चालू कसा करायचा तेच आठवण्यात गेली. कोणतं बटण, कोणता फोल्डर, कंपायलर कुठे ठेवलाय. खंडानंतर आपण भाषा फारशी विसरत नाही, दार कुठे होतं ते विसरतो. म्हणून ज्या भाषेत लॅपटॉप उघडल्यापासून पाच मिनिटांत काहीतरी पडद्यावर दिसतं ती निवडा, मग तज्ज्ञ तिला काहीही म्हणोत.

तुमचे आकडे वेगळे येतील. सी++ तुम्हाला दहा मिनिटांत उलगडली तर तीच तुमची.

४. मराठी घालून बघा

आपल्या हौशीच्या कामात मराठी येणारच. नावं, पत्ते, बिलावरचा मजकूर. भाषा पक्की करण्याआधी तिच्यात मराठी घालून बघा, नंतर रडण्यात अर्थ नाही.

पहिली चाचणी: 'ठाणे' या शब्दाची लांबी विचारा. आपल्या डोळ्यांना दोन अक्षरं. पायथन आणि जावास्क्रिप्ट सांगतात ४, कारण ठ, काना, ण आणि मात्रा अशी युनिकोडची चार चिन्हं त्या मोजतात. सी सांगते १२, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. कोणीच खोटं बोलत नाही, मोजमाप वेगळं. पण याचा फटका असा बसतो: बिलावरचा नावाचा रकाना अरुंद होता म्हणून मी नावं सहा चिन्हांवर कापली. 'कुलकर्णी' आडनावाचं झालं 'कुलकर्'. हलन्तासकट. मराठी मजकूर कधी मोजून कापू नका, रकाना रुंद करा.

दुसरी चाचणी: मराठी आकडे. '२५००' हे देवनागरीत लिहिलेलं पायथनच्या पूर्णांक करण्याच्या फंक्शनला द्या, ते निमूटपणे अडीच हजार समजतं. मला हे कळलं तेव्हा मी ट्रेनमध्ये एकटीच हसले. जावास्क्रिप्ट तेच आकडे घेऊन म्हणते, हा आकडाच नाही. तिला आधी इंग्रजी अंकांत बदलून द्यावं लागतं. दोन्ही भाषांत व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा किंवा मजकूर साठवायच्या डब्याचं, नावही मराठीत ठेवता येतं: थकबाकी, व्याजदर, सदनिका. मी सुरुवातीला ठेवली होती. कोड वाचायला गोड लागतो, पण दर ओळीत दोनदा कीबोर्ड बदलावा लागतो. आता नावं रोमन लिपीत आणि टिपा मराठीत.

तिसरी चाचणी, आणि ही खरी दमवणारी: मजकूर फाइलमध्ये लिहा आणि परत वाचा. विंडोजवर पायथन फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं तुम्ही स्वतः लिहिलं नाही, तर ती जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगचा अंदाज बांधते आणि एकतर चूक दाखवून थांबते किंवा कचरा छापते. तीच फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा तक्ता) म्हणून एक्सेलमध्ये दुहेरी क्लिक करून उघडली तरी नावांच्या जागी परग्रहावरची लिपी दिसते. त्यावर तोडगा म्हणजे फाइल लिहिताना यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग द्यायचं. एवढा एक शब्द, मला तो सापडायला आठवडा लागला.

आणि छपाई. पायथनच्या काही पीडीएफ लायब्रऱ्या, म्हणजे पीडीएफ बनवायचा इतरांनी लिहिलेला तयार कोड, जोडाक्षरं तोडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे नेऊन ठेवतात. त्यांच्याशी झुंजू नका. बिल एचटीएमएलमध्ये तयार करा, ब्राउझरमध्ये उघडा, तिथून प्रिंट द्या. ब्राउझरला देवनागरी व्यवस्थित जुळवता येतं.

५. इन्स्टॉल करताना

जावास्क्रिप्टला काहीच नको. ब्राउझर उघडा, एफ १२ दाबा, कन्सोलमध्ये लिहा.

पायथन विंडोजवर अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. तिथला नेहमीचा स्वतंत्र इन्स्टॉलर घेतलात तर त्याच्या पहिल्याच पडद्यावर खाली 'पाथमध्ये घाला' अशा अर्थाचा एक चौकोन असतो, तो रिकामा ठेवलात तर नंतर पायथन लिहिल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि माणूस गोंधळतो. हा व्याप नको असेल तर थॉनी घ्या. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठी केलेला एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्रॅम आहे, पायथन त्याच्या पोटातच येते. एकच हिरवं बटण. खंडाच्या परीक्षेत मला बारा मिनिटं लागली त्याचं श्रेय थॉनीचंच.

एकदम व्हीएस कोड हा मोठा एडिटर आणि त्याची वीस एक्सटेन्शन्स बसवू नका. बसवाल हे माहीत आहे, मीही बसवली होती.

६. शिकायचं कुठून

मुंबई आयआयटीचा स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्प बघा. छोटे छोटे व्हिडिओ, सोबत संहिता, आणि बऱ्याच विषयांचं मराठी ध्वनिमुद्रण. मराठीतून ऐकायचं आणि हाताने सोबत करायचं, अशीच त्यांची रचना आहे. काही भाग जुन्या आवृत्त्यांवर केलेले आहेत, तेवढं तपासा.

तपासायची खूण सोपी आहे. कुठल्याही पायथन धड्यात प्रिंट या शब्दापुढे कंस नसेल तर तो धडा पायथन २ चा. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. धडा कितीही छान समजावलेला असो, बंद करा.

चॅटबॉटला विचारायला हरकत नाही. चुकीचा संदेश त्याला देऊन "हा काय म्हणतोय ते मराठीत सांग" म्हटलं की तो शिकवणीच्या सरांपेक्षा जास्त सबुरीने सांगतो. अख्खा प्रोग्रॅम मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नका. एकदा घेतला होता, चाललाही. दोन महिन्यांनी दर बदलायचा होता आणि त्यातली एक ओळ मला कळेना. स्वतःच्या घरात भाडेकरू झाल्यासारखं वाटलं.

ट्रेनमध्ये शिकणाऱ्यांसाठी: मी ठाण्याहून ट्रान्सहार्बरने कोपरखैरणेपर्यंत जाते. फोनवर कोड लिहायचा प्रयत्न रबाळे येईपर्यंतच टिकतो, कंस शोधण्यात अंगठे दुखतात. आदल्या रात्रीचा स्वतःचा कोड फोनवर वाचणं मात्र फार उपयोगी. उभ्याने, एका हाताने होतं, आणि चुका लॅपटॉपपेक्षा लवकर दिसतात.

७. माणसं कुठे अडकतात

व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात. दिसायला सारखीच, पण प्रोग्रॅम चालत नाही. ती पुसून हाताने टाइप करा.

फाइलला लायब्ररीचंच नाव देऊ नका. कासवाने चित्रं काढणारी टर्टल ही लायब्ररी पायथनसोबत येते. शेजारच्या मुलाने आपल्या फाइलचं नावही टर्टल ठेवलं, मग पायथन त्याचीच फाइल लायब्ररी समजून उघडत बसली. रडवेला होऊन आला होता, नाव बदलल्यावर अर्ध्या मिनिटात कासव चालायला लागलं.

पैसे दशांशात ठेवू नका. पायथन असो की जावास्क्रिप्ट, ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ दाखवते. संगणक आतून द्विमान पद्धतीत मोजतो, त्यात एक दशांश नेमका बसतच नाही. सगळ्या रकमा पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा आणि छापताना शंभराने भागा. अकाउंट्समध्ये एक पैशाचा फरक म्हणजे काय, ते ज्यांनी ताळेबंद जुळवलाय त्यांना सांगायला नको.

तारखा '०३/०४' अशा लिहू नका. आपल्यासाठी ती ३ एप्रिल, जावास्क्रिप्टसाठी ४ मार्च. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलेली तारीख कोणालाच फसवत नाही.

गिटहबवर फाइली टाकताना रहिवाशांची नावं, फोन नंबर, थकबाकी चुकूनही वर जाऊ देऊ नका. कोड वर, खरी माहिती घरी. चाचणीसाठी खोटी सोळा नावं तयार ठेवा. आमच्या खोट्या सोसायटीत सगळे पक्षी राहतात, १०१ मध्ये बुलबुल, ४०४ मध्ये घार.

आणि भाषा बदलण्याचा मोह. तो शिकताना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतोच, नेमका पहिली खरी अडचण येते तेव्हा. मी स्वतःवर घातलेली अट अशी: पहिल्या पायरीतल्या वाक्यातलं काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या भाषेचा एकही व्हिडिओ बघायचा नाही. काम झालं की खुशाल बघा. गंमत म्हणजे तेव्हा दुसरी भाषा पहिल्याच्या निम्म्या वेळात येते.

८. लॅपटॉप मिटण्याआधी

प्रत्येक वेळी उठताना फाइलच्या अगदी वर तीन ओळी मराठीत लिहा: काय चालतंय, कुठे अडलंय, पुढच्या वेळी पहिली गोष्ट काय करायची. चौथी ओळ, हा प्रोग्रॅम सुरू कसा करायचा. त्या क्षणी ती मूर्खपणाची वाटते. महिन्याने वाटत नाही.

गेल्या गणपतीआधी मी लिहिलेली टीप अशी होती, आणि सोळा दिवसांनी तिथूनच पुढे सुरू केलं:

"थॉनी उघड, बिले नावाची फाइल, हिरवं बटण. व्याज बरोबर येतंय, वहीतल्या उत्तराशी ताडून पाहिलं. ३०४ ने आगाऊ भरलेले ५,००० वजा होत नाहीयेत, त्यांना उगाच व्याज लागतंय. आल्यावर आधी ते बघ, मगच काकांना बिल दे."